सतरंजीचे चार कोपरे

येरवडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो. पण नागपूर चाळ, लक्ष्मीनगर या भागांत सकाळी चक्कर मारली, तर आजीचं नाहीतर मोठ्या बहिणीचं बोट धरून, हातात डबा घेऊन चिमुरडी पोरं एका खोलीकडे निघालेली दिसतात. कुणाची आई तोवर कल्याणीनगरात धुण्याभांड्याच्या कामावर पोचलेलीही असते. ती खोली म्हणजे अंगणवाडी. तिथे खाऊ मिळतो, वजन करतात, लस टोचतात, एवढीच तिची ओळख बहुतेकांना असते. खरं तर घराबाहेरच्या चार जणांशी जमवून घ्यायला आणि अडलेलं काम मिळून सोडवायला मूल पहिल्यांदा इथेच शिकतं.

अशाच एका अंगणवाडीत खाऊ झाल्यावर सतरंजीची घडी घालायची वेळ झाली. सतरंजी मोठी, खोली लहान. चौघांनी चार कोपरे धरले आणि आपापल्या बाजूला ओढायला सुरुवात केली. मग चौघंही एकदम मध्ये धावली आणि सतरंजीचं बोचकं झालं. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही, फक्त विचारलं, "आता काय करायचं रे?" जरा वेळ नुसता गलका. मग पाचेक वर्षांची एक मुलगी समोरच्या दोघांना म्हणाली, "तुम्ही थांबा, आधी आम्ही येतो." ते थांबले, ही जोडी चालत आली, कोपऱ्याला कोपरा लागला. घडी वाकडीच झाली. ताईंनी ती तशीच उचलून फळीवर ठेवली.

ती घडी सरळ न करण्यात ताईंचं सगळं कौशल्य होतं. समोरचा काय करतोय ते पाहणं, आपली पाळी येईतो थांबणं, मनातलं बोलून दाखवणं, फसलं तर पुन्हा करून बघणं, हे सांगून शिकवता येत नाही. तीन वर्षांचं मूल बरेचदा दुसऱ्याशेजारी बसून आपलं आपणच खेळत असतं. चौथ्या-पाचव्या वर्षी ते मिळून खेळायला लागतं. म्हणूनच एका खोलीत तिन्ही वयांची मुलं असणं फायद्याचं ठरतं. मुलाला एकट्याला जे जमत नाही, ते जरा जाणत्या सोबत्याच्या मदतीने जमतं, आणि पुढे ते त्याचं स्वतःचं होतं, असं लेव व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं.

महाराष्ट्रात बालवाडीचं काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उभं केलं. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं ग्राम बालशिक्षा केंद्र 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण कुणाकडे गुरं होती तर कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरली, गुरांमागे कुरणशाळा गेली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणल्यामुळे भावंडाला सांभाळणारी मुलगीही शिकू लागली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

येरवड्यात कुरण नाही, पण भावंडाला कडेवर घेऊन दारात उभी राहणारी मुलगी आहे. बाटल्यांची झाकणं, रिकामी खोकी, चिंचोके आहेत. कमी पडतो तो सेविकेचा वेळ. पोषण आहार, गृहभेटी, लसीकरण, सर्वेक्षणं, मोबाइलवर भरायची माहिती, सगळं तिच्याच गळ्यात. शिवाय तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायलाही 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

मुलांना वेळ देऊन थांबायचं, तर आधी ताईंच्या हाताशी वेळ हवा. एकीकडे माहिती भरता भरता चार पोरांचं भांडण धीराने बघत उभं राहता येत नाही. हातातलं काम उरकायला सतरंजी आपणच घडी करून मोकळं व्हावं लागतं. सेविकेला रोज काही तास निव्वळ मुलांसाठी मिळाले पाहिजेत आणि त्या कामाचा रीतसर पगार मिळाला पाहिजे. एवढं झालं, तर वस्तीतल्या मुलाला उत्तम बालशिक्षण त्याच्या गल्लीतच मिळेल.