उद्यानातील बॅडमिंटन आणि ‘पाच वर्षांची वहिवाट’

मनीषनगर एकेकाळी रेल्वे फाटकासाठी प्रसिद्ध होते. फाटक पडले की वर्धा रोडकडून येणारा साहेब असो की डबा घेऊन कामाला निघालेली मोलकरीण, सारे एकाच उन्हात उभे राहत. २०२० साली वर्धा रोडवरचा दुमजली पूल आणि मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल सुरू झाला आणि आमच्या वस्तीतली ती एकमेव समताही संपली, असे आम्ही थट्टेने म्हणत असतो. थट्टेचा भाग सोडा. परंतु याच मनीषनगरातील एका उद्यानात गेल्या उन्हाळ्यात जे घडले ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या उद्यानात रोज सकाळी सहाला दहा-बारा माणसे बॅडमिंटन खेळायला जमतात. ना नोंदणी, ना अध्यक्ष, ना पावतीबुक. दोन लोखंडी खांब, वर्गणीतून आणलेली जाळी आणि जमिनीवर चुन्याच्या रेषा. निवृत्त बँकवाले, वीज मंडळातले इंजिनिअर, एक डॉक्टर, आमच्यासारखा काळा कोटवाला आणि आपल्या समाजाचे दोन मोठे अधिकारी. उन्हाळ्यात साडेसातनंतर नागपूरचे ऊन उभे राहू देत नाही आणि वारा सुटला की फूल भलतीकडेच जाते, त्यामुळे खेळ काय तो तासाभराचा. उघड्यावर खेळण्यासाठी वाऱ्याला न जुमानणारे वेगळे फूल जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ साली आणले, पण आमची मजल अजून प्लास्टिकच्या फुलापर्यंतच.

फूल मेंदीच्या कुंपणात गेले की ते आणून देणारा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. त्याची आई समोरच्या इमारतीत धुणीभांडी करते. तिचे काम संपेपर्यंत हा आणि त्याची धाकटी बहीण उद्यानात थांबत. “ए छोटू, फूल आण” म्हटले की तो धावे. तीन महिने हे चालले. एके दिवशी फूल हातात ठेवूनच तो म्हणाला, “काका, मी एक सर्व्हिस मारू का?” सारे हसले. कोणीतरी रॅकेट दिली. पोराने समोरच्या इंजिनिअरसाहेबांना असे काही पळवले की साहेब कमरेवर हात ठेवून उभे राहिले. रोज बाहेर उभे राहून त्याने आमचे सगळे खेळ पाठ केले होते!

दुसऱ्या दिवशी खेळाआधी बैठक झाली. वर्गणी न देणाऱ्याने रॅकेट धरू नये, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने पुढचे पाऊल टाकले, “आज हा आला, उद्या सारी झोपडपट्टी येईल.” आम्ही हरकत घेतली तेव्हा तिसऱ्याने आम्हाला कायदा शिकवला, “वकीलसाहेब, पाच वर्षं झाली न आपल्याला इथं खेळून. वहिवाट आहे आपली. हे कोर्ट आपलं आहे.”

कोर्ट आपले! आम्ही वीस वर्षे कोर्टात उभे आहोत, अजून एकही आपले झालेले नाही. असो.

‘वहिवाट’ हा शब्द आंबेडकरी माणसाच्या कानावर पडला की त्याला महाड आठवले पाहिजे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सारे खुले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा मात्र डोकी फुटली, आणि मग सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे काय होते? हेच की तळे खाजगी आहे आणि ते आम्हीच वापरत आलो आहोत, तशी रूढी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी काळापासूनची अशी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. वहिवाटीचा दावा तिथेच कोसळला.

त्याच बाबासाहेबांनी संविधानात ही वाट कायमची बंद केली. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्यासोबतच शासनाच्या पैशातून राखलेली किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेली सार्वजनिक वावराची ठिकाणे आहेत. उद्यान आणखी दुसरे काय असते? ले-आऊट मंजूर करून घेताना जी खुली जागा सोडावी लागते ती फ्लॅटधारकांना आंदण मिळालेली नसते. उद्यानासाठी राखीव जागा खाजगी इस्पितळाला देण्याचा बंगलोरच्या विकास प्राधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बेकायदा ठरवला, तो उगाच नव्हे. आपण नागपूरकरांनी तर २०२१ साली अंबाझरी उद्यानाजवळचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन जमीनदोस्त झालेले पाहिले आहे. सार्वजनिक जागा आधी डोक्यातून खाजगी होते, बुलडोझर नंतर येतो. अंबाझरीसाठी मोर्चात घोषणा देणाऱ्या समाजाने आपल्या गल्लीतल्या उद्यानात काय चालले आहे तेही पाहावे.

आता खरी बोच. ‘झोपडपट्टी येईल’ हे वाक्य कोणा मनुवाद्याचे नव्हते. ते आपल्याच अधिकारी बांधवाचे होते. हे साहेब अशोक विजयादशमीला सहकुटुंब पांढरी वस्त्रे नेसून दीक्षाभूमीवर येतात. उद्यानात मात्र जयभीमऐवजी गुड मॉर्निंग घालतात आणि आडनाव कोणी विचारले की गावाचे नाव सांगतात. त्या मुलाच्या आईच्या मोबाईलची घंटी भीमगीताची आहे. ती वाजली की साहेबांची मान दुसरीकडे वळते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी आपली निराशा केल्याचे दुःख बोलून दाखवले होते. त्या शिकलेल्यांची नातवंडे आज मनीषनगर, बेसा, बेलतरोडीत फ्लॅट घेऊन राहतात.

आणि आम्ही तरी कोण मोठे लागून गेलो? तीन महिने आम्हीही त्या पोराला ‘छोटू’ म्हणत होतो. नाव विचारायचे सुचले नाही. संविधानाचे कलम तोंडपाठ आणि समोरच्या मुलाचे नाव माहीत नाही, असा हा आमचा कार्यकर्तेपणा.

या खेळाचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करात इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले, म्हणून त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. त्याच पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात चर्मकार समाजातला पळवणकर बाळू नावाचा तरुण महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळी आणि साहेबांना सरावासाठी तासन्तास चेंडू टाकी. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. हा बाळू १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला आणि तरुण भीमरावांना त्याचे मोठे कौतुक होते. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यालाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, ती कथा वेगळी.) चेंडू टाकायला आपला माणूस चालतो, फूल उचलायला चालतो. बॅट आणि रॅकेट मागितली की वर्गणी आठवते.

वाद चार दिवस चालला. डॉक्टर आमच्या बाजूने राहिले, इंजिनिअरसाहेबही. पोराने हरवले तरी त्यांनी मनात अढी धरली नाही, हे नमूद केले पाहिजे. दोघांनी येणे बंद केले, त्यात आपले एक बांधव आहेत. त्यांच्या घरी जाऊन आम्ही बोलणार आहोत, कारण माणूस तोडून चळवळ चालत नाही. सात ते साडेसात कोर्ट मुलांसाठी सोडायचे, असे ठरले. त्या मुलासोबत आता आणखी चार पोरे येतात, दोन इमारतीतली आणि दोन नाल्याकाठच्या वस्तीतली. बहीण अजून कडेलाच बसलेली असते. याच नागपुरात, मोहन पार्कमध्ये, जुलै १९४२ च्या परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप बाबासाहेबांनी दिले होते. ते आठवून आम्ही तिला विचारले, “तुला नाही खेळायचं का गं?” ती म्हणाली, “भाऊ रॅकेट देतच नाही.”

म्हणजे भाऊरायांचीही वहिवाट सुरू झाली! दुसरी रॅकेट आमच्या घरी पडून आहे, पण तिच्या तारा तुटल्या आहेत. शनिवारी कोर्टाला सुटी आहे. सीताबर्डीवर नेऊन तिला नव्या तारा घालून आणायच्या आहेत.