गरम गाडी चालू का होत नाही?

सांगलीहून पेठ नाका, सातारा, वाई करत पसरणी घाट चढायचा, पाचगणीत चहाला थांबायचं, आणि परत किल्ली फिरवली की गाडी ढिम्म. मागे गादी टाकून मुक्कामाला न्यायची जुनी कार्बोरेटरवाली मारुती व्हॅन ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे नवं नाही. भोवती माणसं जमतात. ‘इंजिन तापलंय, गार पाणी ओता,’ असं कुणीतरी हमखास सांगतं.

कृपा करून ओतू नका. तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. शिवाय काटा मध्यावर असेल, तर इंजिन गरजेपेक्षा तापलेलंच नसतं. गाडी धावताना पाणी फिरतं, वारा लागतो. बंद केली की दोन्ही थांबतं आणि धग कार्बोरेटरपर्यंत चढते. १९८४ साली आलेल्या या व्हॅनचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. मे महिन्यात सांगलीत हवाच चाळिशीला टेकते. उकळलेलं पेट्रोल इंजिनात झिरपतं, प्लग ओले होतात.

अशा वेळी ‘ॲक्सिलरेटर मार, मार’ म्हणणारे आणखी पेट्रोल ओतायला लावतात. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर एकदाच हळूच तळापर्यंत दाबून धरा आणि दहा सेकंदांपर्यंत सेल्फ मारा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं.

प्लग काढल्यावर कोरडाठाक निघाला, तर उलट दुखणं: नळीत वाफ धरलीय, पेट्रोल पोचतच नाही. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवतात, ते इथे अगदी बरोबर आहे. फडकं फक्त पंपावर, वायरिंगवर नाही.

‘बॅटरी गेली’ हे निदानही घाईचं. सेल्फ जोरात फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. नुसतं ‘टिक’ वाजलं, तर आधी अर्थची वायर बघा. तांबं ५० अंशांनी तापलं की त्याचा विरोध सुमारे २० टक्के वाढतो. त्यात टर्मिनलवर पांढरी बुरशी असली, तर सेल्फला जोर उरत नाही. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा.

आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावर गाडी आपोआप चालू होत असेल, तर इग्निशन कॉईलही तपासायला सांगा. आतली तार तापल्यावर तुटते, गार झाल्यावर जुळते. ही तपासणी गॅरेजमध्ये गाडी गरम असतानाच, पेट्रोलचा वास नसताना करून घ्या. त्याआधी कार्बोरेटर खोलू देऊ नका.