शेल कोणत्या दारानं उघडतं

पन्हाळगडावर येणारा आजचा डांबरी रस्ता चार दरवाजाच्या जागेवरून आत शिरतो. दरवाजा स्वतः उरलेला नाही. १८४४च्या बंडात गड घेतल्यावर इंग्रजांनी तो पाडला. पश्चिमेकडून आलात तर तीन दरवाजा लागतो: बाहेरचं दार, मधला चौक, पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग आतलं दार. गड एकच, पण कोणत्या दारानं शिरलात त्यावर वाटेत कोण अडवणार आणि काय विचारणार ते ठरायचं. बॅश या शेलची ओळख करून देताना मला आधी ही दारंच आठवतात, कारण त्याच्या वागण्यातला सगळ्यांत मोठा गोंधळ दारांचाच आहे.

शेल म्हणजे माणूस आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामध्ये बसून आपली एकेक ओळ ऐकणारा प्रोग्राम. काळी खिडकी उघडते, आपलं नाव दिसतं, डॉलरचं चिन्ह येतं, कर्सर लुकलुकू लागतो. नवख्याला वाटतं, आता कुठे सुरुवात झाली. तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. बॅशनं दोन-तीन फाइली वाचलेल्या असतात, त्यांतल्या कमांड चालवलेल्या असतात. नाव आणि डॉलर असलेला तो प्रॉम्प्ट कसा दिसेल, फोल्डर कोणत्या रंगात येतील, प्रोग्राम कुठे शोधायचे, आधीच्या किती कमांड लक्षात ठेवायच्या, हे सगळं ठरलेलं असतं. आणि ते बहुधा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. संगणक शिकणाऱ्यानं पहिल्या आठवड्यातच उघडून वाचावी अशी फाइल कोणती, असं विचारलं तर मी होम डिरेक्टरीतल्या ‘डॉट बॅशआरसी’चं नाव घेईन.

सुरुवातीच्या कमांड फाइलीत लिहून ठेवायची कल्पना युनिक्सहून जुनी आहे. १९६०च्या दशकात एमआयटीत सीटीएसएस नावाची सिस्टीम होती. तिच्यासाठी लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्यांनी ‘रनकॉम’ लिहिला. फाइलीतल्या कमांड एकापाठोपाठ चालवणं हे त्याचं काम. बॅशआरसीतलं ‘आरसी’ तिथलं. केन थॉम्सन यांनी युनिक्ससाठी पहिलं शेल १९७१मध्ये लिहिलं. १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचं शेल आलं आणि त्याच्याबरोबर ‘डॉट प्रोफाइल’. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल तयार केलं. त्यात दोन निरनिराळ्या फाइली होत्या: एक फक्त लॉगिनच्या वेळी वाचायची, दुसरी प्रत्येक वेळी. बॅशनं दोन्ही घराण्यांचा वारसा घेतला. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी ते लिहिलं, १९८९च्या जूनमध्ये ते लोकांसमोर आलं, आणि पुढे गेली तीसहून अधिक वर्षं चेट रेमी ते सांभाळत आहेत. एका माणसानं इतका काळ जपलेलं आणि जगभरच्या सर्व्हरवर रोज चालणारं असं सॉफ्टवेअर फार थोडं आहे.

या फाइली नजरेआड का राहतात, याचंही कारण आहे. नाव टिंबानं सुरू होत असेल तर फाइलींची यादी देणारी ‘एलएस’ ही कमांड ती फाइल दाखवत नाही. रॉब पाइक यांनी सांगितलं आहे की हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. यादीतून ‘टिंब’ (चालू डिरेक्टरी) आणि ‘दोन टिंबं’ (तिच्या वरची) या दोन नोंदी वगळायच्या होत्या, म्हणून फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं, आणि टिंबानं सुरू होणारं सगळंच लपलं. त्या आडोशाला पुढे लोकांनी आपापल्या आवडीनिवडी ठेवायला सुरुवात केली.

आता दारं. तुम्ही दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं आत गेलात तर मिळतं ते लॉगिन शेल. ते आधी सगळ्या वापरकर्त्यांसाठी असलेली ‘ईटीसी प्रोफाइल’ वाचतं. मग तुमच्या होम डिरेक्टरीत तीन नावं क्रमानं शोधतं: डॉट बॅश प्रोफाइल, डॉट बॅश लॉगिन, डॉट प्रोफाइल. यांतली जी पहिली वाचता येईल तेवढीच वाचतं आणि थांबतं. बाकीच्या दोन असल्या तरी त्यांना हात लावत नाही. दुसरं दार म्हणजे आधीच लॉगिन झालेल्या लिनक्स डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनलची खिडकी. तिथे प्रोफाइल वाचली जात नाही, बॅशआरसी वाचली जाते. तिसरं दार स्क्रिप्टचं. समोर माणूस नसतो, म्हणून बॅश यांतलं काहीच वाचत नाही. ‘बॅश ईएनव्ही’ या चलात फाइलीचं नाव दिलं असेल तरच ती वाचतं.

‘मी रंग बदलले, पण सर्व्हरवर दिसतच नाहीत’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. रंग बॅशआरसीत लिहिलेले असतात आणि माणूस लॉगिनच्या दारानं आलेला असतो. मॅकवर तर टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी लॉगिन शेल म्हणूनच उघडते, त्यामुळे लिनक्सवरून आलेला माणूस तिथे हमखास चक्रावतो. (२०१९च्या कॅटालिनापासून मॅकचं डीफॉल्ट शेल झेडशेल आहे; त्याच्या फाइलींची नावं वेगळी, प्रश्न तोच.) रूढ उपाय साधा आहे: बॅश प्रोफाइलमध्ये एक ओळ लिहायची की बॅशआरसी असेल तर तीही वाच. मग सगळं महत्त्वाचं एकाच जागी ठेवता येतं.

पण एक चोरवाटही आहे, आणि ती ठाऊक नसेल तर दिवस वाया जातो. एसएसएचवरून एखादी कमांड परस्पर चालवली, किंवा एससीपीनं फाइल पाठवली, तर पलीकडचं बॅश संवादी नसूनही, म्हणजे समोर माणूस नसूनही, बॅशआरसी वाचतं. तिथे कुणी हौसेनं ‘सुप्रभात’ छापणारी ओळ लिहिली असेल, तर ते सुप्रभात फाइलीच्या देवाणघेवाणीत घुसतं आणि व्यवहार बिघडतो. म्हणून डेबियन आणि उबुंटू यांच्या तयार बॅशआरसीत अगदी सुरुवातीला तपासणी असते: हे शेल संवादी आहे का? नसेल तर तिथूनच परत फिर. पाच-सहा शब्दांची ती तपासणी नवखे पुष्कळदा अर्थ न कळल्यानं काढून टाकतात. तिला हात लावू नये.

रंगांची गोष्ट याहून मजेची आहे. १९७८मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हीटी१०० हे टर्मिनल आणलं आणि टर्मिनलला सूचना देणाऱ्या एस्केप संकेतांची पद्धत त्यानं घरोघरी पोचवली. त्याला स्वतःला रंग दाखवता येत नव्हते, पण १९७९च्या अन्सी प्रमाणात रंगांचे आकडे ठरले. एस्केप, चौकोनी कंस, आकडा, एम: एवढं पाठवलं की पुढची अक्षरं त्या रंगात. ३० काळा, ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, ३५ किरमिजी, ३६ आकाशी, ३७ पांढरा. हा क्रम मनमानी वाटतो, तसा तो नाही. लालाचा १, हिरव्याचा २, निळ्याचा ४ असं धरा. लाल आणि हिरव्या प्रकाशाची बेरीज पिवळी, म्हणून पिवळा ३. लाल आणि निळा मिळून किरमिजी, म्हणून ५. हिरवा-निळा ६, आणि तिन्ही मिळून पांढरा ७. तीन बिटांत आठ रंग बसवले आहेत. मुलांना द्विमान पद्धत शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

प्रमाणात ठरली ती रंगांची नावं. नेमकी छटा कोणती, हे प्रत्येक टर्मिनलवर सोडलं गेलं, आणि तिथेच डीफॉल्ट फसतात. एलएस फोल्डरांना ठळक निळा देतं. हा ३४ क्रमांकाचा निळा विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये इतका गडद होता की काळ्या पार्श्वभूमीवर तो वाचायला डोळे ताणावे लागत. मायक्रोसॉफ्टनं २०१७मध्ये तो उजळ केला. तोवर दोन पिढ्यांनी फोल्डरांची नावं अंदाजानंच वाचली. लिनक्सवर हे स्वतः बदलता येतं. ‘डीआयआर कलर्स’ ही कमांड कोणत्या प्रकारच्या फाइलीला कोणता रंग ते एका चलात भरते. त्यात फोल्डरांचा ३४ काढून ३६ घातला की काम झालं. आज टर्मिनलं २५६ रंग दाखवतात: मूळचे १६, सहा गुणिले सहा गुणिले सहा असे २१६, आणि करड्याच्या २४ छटा. बहुतेक नवी टर्मिनलं १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगही दाखवू शकतात. एवढे असूनही बॅशआरसीत मी मूळचे सोळाच वापरतो. त्यांच्या छटा टर्मिनलच्या सेटिंगमधून एकदा बदलल्या की सगळ्या प्रोग्रामांचे रंग एकदम बदलतात.

रंगाचं खरं काम प्रॉम्प्टमध्ये आहे. पन्हाळ्यावर बसून मी ज्या यंत्रांवर काम करतो ती शेकडो मैलांवर असतात, आणि सगळ्यांच्या खिडक्या सारख्याच दिसतात. कोणत्या खिडकीत चाचणीचा सर्व्हर आहे आणि कोणत्या खिडकीत लोकांचा खरा डेटा, हे मान वर करताक्षणी कळलं पाहिजे. म्हणून खऱ्या सर्व्हरच्या बॅशआरसीत यंत्राचं नाव लाल पार्श्वभूमीवर, चाचणीच्या यंत्रावर हिरवं, स्वतःच्या लॅपटॉपवर रंगच नाही. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, प्रॉम्प्टलाही लालच. सजावट म्हणून रंग देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये सात रंग असतात आणि त्यांतला एकही काही सांगत नाही. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या कचेरीत असतात. त्यांच्यासाठी रंगाबरोबर शब्दही हवा. माझ्या लाल पट्टीत म्हणूनच ‘खरा’ या अर्थाचा एक छोटा शब्दही असतो. ज्यांना रंग नकोच असतील त्यांच्यासाठी २०१७पासून ‘नो कलर’ नावाच्या चलाचा संकेत आहे. ते चल बॅशआरसीत भरलं की पुष्कळ प्रोग्राम मुकाट्यानं रंग बंद करतात.

प्रॉम्प्टला रंग देताना एक तांत्रिक खोच जपावी लागते. एस्केप संकेत पडद्यावर जागा घेत नाहीत, पण बॅशला ते आपोआप कळत नाही. प्रत्येक संकेत उलटी तिरकी रेघ आणि चौकोनी कंस यांच्या जोडीत बंद करून ‘याची रुंदी मोजू नकोस’ असं सांगावं लागतं. ते विसरलं की लांब कमांड पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढते आणि आधीचं पुसलं जातं.

मराठी माणसाला रुंदीचा प्रश्न आणखी एका बाजूनं भेटतो. टर्मिनलचा पडदा सारख्या रुंदीच्या चौकटींचा बनलेला असतो. देवनागरीत उकार अक्षराखाली बसतो, त्याला वेगळी चौकट लागत नाही. काना मात्र स्वतःची चौकट मागतो. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी. ‘क्ष’ तर क, हलंत आणि ष असे तीन संकेत मिळून एक आकृती. शेल एक हिशेब करतं, टर्मिनल दुसरा, आणि कर्सर अक्षराच्या मधोमध उभा राहतो. फाँटची अडचण बरीच आधी सुटली होती: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे लोहित फाँट रेड हॅटनं २००४मध्ये मुक्त केले, आणि त्यांत देवनागरीही होती. चौकटींचा हिशेब मात्र अजून सगळीकडे जुळलेला नाही. म्हणून प्रॉम्प्टमध्ये मी देवनागरी घालत नाही. तारखांसाठी घालतो: ‘एलसी टाइम’ या एका चलाला मराठीचं लोकेल दिलं की ‘डेट’ ही कमांड वार आणि महिना मराठीत सांगते, आणि प्रोग्रामांचे बाकीचे संदेश जसेच्या तसे राहतात.

पडदा आपल्या मनासारखा करायची ही मोकळीक सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. याच पन्हाळा तालुक्यात, वारणानगरला, १९९८मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रं उभी राहिली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा ती मुख्यतः ऊस आणि खतांच्या नोंदींपुरती वापरली जात होती, आणि तेवढं काम मोबाइलच्या एसएमएसवरही भागतं हे काही गावांत दिसून आलं. मला त्यात एक गोष्ट लागून राहते. यंत्र गावात आलं, पण पडद्यावर काय दिसावं हे ठरवायची संधी गावातल्या कुणाला फारशी मिळाली नाही. वारणानगरलाच १९८३पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पन्हाळ्यावरही आहे. तिथल्या मुलांपर्यंत शेलची ओळख पोचवायला साधनं हाताशी आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे पाठ मराठीतून मोफत ऐकता येतात. प्रयोगशाळेत सगळ्यांना एकच सामायिक लॉगिन देण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि स्वतःची होम डिरेक्टरी द्यावी, एवढंच माझं आग्रहाचं म्हणणं आहे. तसं केलं तर सोमवारी बदललेला प्रॉम्प्ट मंगळवारीही तसाच सापडेल, आणि मूल आणखी काहीतरी बदलून पाहील.

पहिल्या दिवशी काय बदलावं? इतिहास. बॅश मुळात फक्त ५०० कमांड लक्षात ठेवतं, उबुंटूच्या फाइलीत हा आकडा १००० आहे. तो दहा हजार करायला काहीच खर्च नाही. ‘हिस्टअपेंड’ चालू ठेवावं, म्हणजे दोन खिडक्या बंद करताना एकीचा इतिहास दुसरीवर लिहिला जात नाही. ‘नोक्लॉबर’ लावावं, म्हणजे ‘पेक्षा मोठे’ या चिन्हानं आहे त्या फाइलीवर चुकून लिहिलं जात नाही. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ला आधी विचारायला लावणारं टोपणनाव द्यावं का, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. मी देत नाही, कारण त्या प्रश्नाची सवय झाली की ते टोपणनाव नसलेल्या सर्व्हरवर हात बेसावध राहतो.

आणि बदल करताना आधी मूळ फाइलीची प्रत काढून ठेवावी. एक खिडकी उघडी ठेवून दुसरीत नवं शेल सुरू करून पाहावं. दूरच्या सर्व्हरवर तर हे फारच महत्त्वाचं, कारण सुरुवातीच्या फाइलीत ‘एक्झिट’ राहून गेलं तर लॉगिन होताक्षणी आपण बाहेर फेकले जातो. पहिली खिडकी उघडी असेल तर तीच ओळ तिथून काढता येते. आपल्याच यंत्रावर अडकलात तर बॅशला ‘नोआरसी’ आणि ‘नोप्रोफाइल’ हे पर्याय देऊन कुठलीही फाइल न वाचता उघडता येतं, आणि मग मूळ प्रत जागेवर ठेवता येते.