टू एक्सवरचा अभ्यास : किती खरा, किती खोटा

डहाणू-विरार लोकलमध्ये इअरफोन लावून बसलेली सगळीच पोरं गाणी ऐकत नसतात. कुणाचं 'नीट' परीक्षेचं, कुणाचं डिप्लोमाचं लेक्चर 'टू एक्स'वर, म्हणजे दुप्पट वेगाने, पळत असतं. घरच्यांना ते थिल्लरपणाचं वाटतं, पोरांना हुशारीचं.

गैरसमज : पळवलेलं लेक्चर डोक्यात राहत नाही.
राहतं, पण मर्यादेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २३१ विद्यार्थ्यांना रोमन साम्राज्य आणि मालमत्तेचं मूल्यांकन या विषयांवरचे व्हिडिओ वेगवेगळ्या वेगांनी दाखवले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : दीडपट आणि दुप्पट वेगाने पाहणाऱ्यांचे गुण साध्या वेगाने पाहणाऱ्यांच्या जवळपासच होते, आठवड्यानंतरच्या परीक्षेतही. अडीचपटीला मात्र घसरण झाली. अर्थात, ती मुलं आपल्या सरावाच्या भाषेत ऐकत होती. घरी वारली, शाळेत मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या मुलीने हा निकाल जसाच्या तसा स्वतःला लावू नये. भाषाच नवी असेल, तर वेग आधी तिथेच नडतो.

गैरसमज : दीडपट केलं की निम्मा वेळ वाचतो.
तासाचं लेक्चर ४० मिनिटांत संपतं. म्हणजे वाचला एक तृतीयांश.

गैरसमज : दुप्पट वेगाने दोनदा पाहिलं की पक्कं.
त्याच संशोधकांच्या प्रयोगात लागोपाठ दोनदा पाहून, साध्या वेगाने एकदा पाहण्यापेक्षा विशेष फायदा झाला नाही. दुसरी फेरी आठवड्याने, परीक्षेच्या अगदी तोंडावर ठेवली तेव्हा मात्र गुण वाढले. त्याहून मोलाची गोष्ट रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवली होती : उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. तेव्हा बोईसर ते सफाळे लेक्चर ऐका आणि तिथून विरारपर्यंत मोबाइल खिशात ठेवून काय ऐकलं ते आठवा. वाचलेल्या मिनिटांत आणखी एक लेक्चर कोंबणं हा माझ्या मते शुद्ध तोटा आहे.

गैरसमज : कुठलाही व्हिडिओ पळवता येतो.
ऐकून समजायचं ते पळवा, हाताने करायचं ते नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ची रीतच अशी की थोडं पाहायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. त्यांचे बरेच धडे मराठीतही आहेत. वेल्डिंग किंवा वायरिंग शिकणाऱ्याने तर वेग कमी करावा. यूट्यूबवर पाव पटीपर्यंत खाली जाता येतं, हे बटण फारसं कुणी दाबत नाही.

आणि तारापूर एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात नव्याने लागणाऱ्यांना एक विनंती : सुरक्षेचा व्हिडिओ साध्या वेगानेच पाहा आणि श्वसनयंत्र कसं चढवायचं ते दाखवतील तेव्हा व्हिडिओ थांबवून, ते स्वतः चढवून पाहा.