लसीच्या पेटीतील फेस : शीतसाखळीची अखेरची कडी

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका गोव्याच्या सीमेला लागून, सह्याद्रीच्या दाट अरण्यात वसलेला आहे. क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या तालुक्यात वस्ती मात्र विरळ आहे. सुपा धरणाचा विस्तीर्ण जलाशय, काळी व्याघ्र प्रकल्पाचे राखीव वन आणि त्यांच्या आसपास विखुरलेल्या कुणबी व गवळी समाजाच्या वाड्या, असे येथील स्वरूप आहे. पावसाळ्यात ओढे-नाले भरून वाहू लागले की दूरच्या वाड्यांपर्यंत पोहोचणे कठीण होते. अशा ठिकाणी बालकांच्या लसी न्यावयाच्या, त्याही थंड राखून, हे सोपे काम नव्हे.

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात ठेवाव्या लागतात. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस उष्णतेने लवकर निकामी होते. याउलट पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब आणि धनुर्वातावरील लसी गोठल्या तर त्यांची शक्ती नष्ट होते. आरोग्य केंद्रात शीतपेटी असते. तेथून वाडीपर्यंतच्या प्रवासात मात्र लसीचे रक्षण एक लहानशी पेटी करते. आरोग्य सेविका तिला 'व्हॅक्सिन कॅरियर' म्हणतात. या पेटीचे सामर्थ्य तिच्या दोन भिंतींमध्ये भरलेल्या घट्ट फेसात आहे.

साबणाचा फेस सर्वांच्या परिचयाचा आहे. पातळ पापुद्र्यांत हवा कोंडली गेली की फेस होतो. पण तो क्षणभंगुर असतो. हाच फेस प्लॅस्टिकसारख्या बहुवारिक पदार्थाचा केला आणि तो फुगलेल्या अवस्थेतच घट्ट झाला, तर हवा त्यात कायमची बंदिस्त होते. थर्मोकोल हे याचे नित्याचे उदाहरण होय. त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग निव्वळ हवेचा असतो. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. घोंगडीत ऊब टिकते ती याच कारणाने.

लसपेटीत वापरला जाणारा फेस पॉलियुरेथेनचा असतो. या पदार्थाचा शोध जर्मनीतील ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. दोन द्रव एकत्र केले असता त्यांत रासायनिक क्रिया होऊन उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने मिश्रणातील बाष्पशील द्रवाचा वायू होतो, मिश्रण अनेक पटींनी फुगते आणि भिंतींमधील पोकळी भरून काढीत कठीण होते. गादीतील मऊ फोमचे कोष एकमेकांत उघडे असतात. म्हणून तो दबतो आणि पाणी शोषून घेतो. पेटीतील कठीण फेसाचे कोष बंद असतात व त्यांतील वायू हलू शकत नाही. म्हणून हा फेस लाकडाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकीच उष्णता आत येऊ देतो.

या विषयातील संशोधन आजही चालू आहे. फेस फुगविण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू ओझोनच्या थरास घातक ठरले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले. त्यांच्या जागी आलेले एचसीएफसी-१४१बी हे रसायनही भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केले. आता सायक्लोपेंटेनसारखे पर्याय वापरात आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी तर बर्फाच्या स्फटिकांचाच साचा करून, दाबले तरी पूर्ववत होणारे स्पंज तयार केले आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. फेस थंडी निर्माण करीत नाही. तो केवळ बाहेरच्या उष्णतेला विलंब लावतो. थंडी पुरवितात ते पेटीतील चार आइसपॅक. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. या साठ्यावर पेटी एका दिवसाच्या कामास पुरते. मात्र झाकण वारंवार उघडले तर तो लवकर संपतो. आइसपॅक शीतपेटीतून काढताच पेटीत ठेवू नयेत. हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर राहू द्यावेत, अन्यथा लस गोठण्याचा धोका असतो. पेटीस तडा जाऊन फेसात पाणी शिरले तर तिचा उपयोग घटतो, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून पेटी आपटू नये, तिच्यावर बसू नये आणि ती उन्हात ठेवू नये.

निकामी झालेली लस अनेकदा दिसण्यात चांगल्या लसीसारखीच असते. बालकास टोचणी होते, कार्डावर नोंद होते आणि रोगापासून संरक्षण मात्र मिळत नाही. कुपीवरील उष्णतादर्शक खूण याकरिताच आहे. वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस उष्णतेने बिघडलेली नाही, असे समजावे. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती लस देऊ नये. गोठलेली लस मात्र ही खूण ओळखू शकत नाही.

जुनी, फुटलेली पेटी किंवा थर्मोकोल चुलीत जाळू नये. पॉलियुरेथेन जळताना अत्यंत विषारी वायू निघतात आणि थर्मोकोल मातीत कुजत नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटे-वाट्यांसारख्या वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे. जो पदार्थ पेटीत राहून वर्षानुवर्षे बालकांचे रक्षण करतो, तोच एका जेवणावळीनंतर ओढ्यात टाकला तर उपद्रव ठरतो.

देशात १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने मोठी मजल मारली असून, २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या यशात जोयड्यासारख्या दुर्गम तालुक्यांतील पायवाटांचाही वाटा आहे. लसीकरणाच्या दिवशी ग्रामस्थांनी बालकांना वेळेवर आणल्यास झाकण पुन्हा पुन्हा उघडावे लागत नाही. शिक्षकांनी सावलीची जागा उपलब्ध करून द्यावी आणि अधिकाऱ्यांनी तडा गेलेल्या पेट्या वेळीच बदलून द्याव्यात. एवढे झाले तर शीतसाखळीची अखेरची कडी पक्की राहील.