उंदराचा रोग, माणसाची छाती

प्लेग म्हटले की पुणेकरांना १८९७ साल आठवते. मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच साथीत १० मार्चला गेल्या.

रोग मुळात उंदराचा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाला चावते. काखेत, जांघेत गाठ येते. पण जंतू फुप्फुसात उतरले की पिसूची गरजच उरत नाही. खोकल्यातून तो थेट दुसऱ्याला लागतो, धडधाकट गडीसुद्धा सुटत नाही. ताप, धाप, थुंकीत रक्त. पहिल्या चोवीस तासांत औषध सुरू व्हावे लागते, नाहीतर वाचणे कठीण. स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सीसायक्लीन आज आहेत. सावित्रीबाईंच्या वेळी यातले काहीच नव्हते.

१९९४ च्या ऑगस्टात बीडकडच्या मामल्यात गाठीचा प्लेग निघाला, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. आपल्या उसाला कोयता लावणाऱ्या टोळ्यांत बीडची माणसे पुष्कळ, म्हणून हे आम्ही मुद्दाम लिहितो. फडात उंदीर असायचेच. पण विष न घालता ते पटापट मरून पडू लागले तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. उरलेले मारायची घाईही नको. आधी पिसवांवर पावडर मारतात. नाहीतर मेल्या उंदराच्या पिसवा खोपीत शिरतात.