गुरुवारची बैठक: ऑक्सफर्डचे इंकलिंग्ज

इंकलिंग्ज हे ऑक्सफर्डमधल्या पुरुषांचे वाचनमंडळ होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जमू लागले आणि १९४९ पर्यंत, विद्यापीठाची सत्रे चालू असताना, त्याच्या बैठका साधारण दर आठवड्याला भरत राहिल्या. जमलेल्यांपैकी एखादा आपले नवे, अजून न छापलेले लिखाण मोठ्याने वाचे आणि बाकीचे त्यावर तिथल्या तिथे बोलत. जे. आर. आर. टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, सी. एस. ल्युइसची ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ आणि चार्ल्स विल्यम्सची ‘ऑल हॅलोज ईव्ह’ या कादंबऱ्या छापखान्यात जाण्याआधी या मंडळाने ऐकल्या होत्या. आज त्या इंग्रजीतल्या धार्मिक आशयाच्या अभिजात कादंबऱ्यांत गणल्या जातात. लिहिणारे तिघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते, एकाच खोलीत बसत होते, तरी गोष्टीत धर्म किती दिसावा आणि कसा दिसावा, या प्रश्नाला तिघांची उत्तरे वेगळी होती. या मंडळाचे खरे महत्त्व या मतभेदात आहे.

‘इंकलिंग्ज’ हे नाव मुळात दुसऱ्याच मंडळाचे. युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या एडवर्ड टँजी लीन या विद्यार्थ्याने १९३१ च्या सुमारास लेखन वाचून दाखवण्यासाठी एक छोटा क्लब काढला होता. ल्युइस आणि टोल्किन हे दोघे प्राध्यापक त्याला हजेरी लावत. लीन ऑक्सफर्ड सोडून गेल्यावर क्लब बंद पडला आणि नाव ल्युइसभोवती जमणाऱ्या मित्रांकडे आले. टोल्किनला अशा बैठकांची सवय त्याआधीपासून होती. १९२६ मध्ये त्याने आइसलंडच्या जुन्या सागा मुळातून वाचणाऱ्यांचे एक मंडळ सुरू केले होते आणि ल्युइस त्यातही होता.

दोघांची मैत्री जमली ती उत्तरेकडच्या पुराणकथांच्या ओढीने. श्रद्धेच्या बाबतीत मात्र दोघे सुरुवातीला दोन टोकांना होते. टोल्किन कॅथलिक होता. त्याच्या आईने १९०० मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला, त्यामुळे नातेवाइकांचा रोष ओढवून घेतला आणि १९०४ मध्ये ती वारली. पुढे एका कॅथलिक धर्मगुरूने पालक म्हणून त्याला वाढवले. ल्युइस बेलफास्टच्या प्रोटेस्टंट घरातला. नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि शाळकरी वयातच त्याचा देवावरचा विश्वास उडाला. तिशीच्या आसपास तो पुन्हा ईश्वर मानू लागला, पण येशूची कथा त्याला इतर प्राचीन कथांसारखीच एक कथा वाटे. मरून पुन्हा उठणारे देव ग्रीकांकडे होते, नॉर्स लोकांकडेही होते. मग या एकाच कथेला वेगळे काय म्हणून मानायचे?

१९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री ल्युइस, टोल्किन आणि त्यांचा मित्र ह्यूगो डायसन हे तिघे मॉडलिन कॉलेजच्या आवारातल्या ॲडिसन्स वॉक या झाडांच्या वाटेवर फिरत या प्रश्नावर बोलत राहिले. टोल्किन पहाटे तीनच्या सुमारास घरी गेला, डायसन त्यानंतरही थांबला. टोल्किन आणि डायसनचे म्हणणे थोडक्यात असे: पुराणकथा खोट्या नसतात, माणसाने त्यांत सत्याचा अंश पकडलेला असतो, आणि ख्रिस्ताची कथा ही प्रत्यक्ष घडलेली पुराणकथा आहे. नऊ दिवसांनी भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून व्हिपस्नेड प्राणिसंग्रहालयाकडे जात असताना आपला ख्रिस्तावर विश्वास बसला, असे ल्युइसने पुढे लिहिले. इंकलिंग्जच्या सगळ्या लेखनाला या रात्रीच्या बोलण्याचा पाया आहे. कल्पित कथा सत्यापर्यंत नेऊ शकते, असे एकदा मान्य केले की कादंबरी लिहिणे हे धर्माच्या दृष्टीने फावल्या वेळचे काम राहत नाही.

गुरुवारी रात्री जेवणानंतर मंडळी ल्युइसच्या मॉडलिन कॉलेजातल्या खोलीत जमत. सभासदत्वाचे नियम नव्हते, वर्गणी नव्हती, इतिवृत्त नव्हते. ल्युइसचा मोठा भाऊ वॉरन, ज्याला सगळे वॉर्नी म्हणत, चहा करी. पाइप पेटत आणि कुणी काही वाचायला आणले आहे का, अशी विचारणा होई. जेमतेम सहा-सात जण असत. वॉर्नी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी होता आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळावर लिहीत होता. रॉबर्ट हॅवर्ड हा डॉक्टर होता, ओवेन बारफील्ड लंडनमध्ये वकिली करी. लॉर्ड डेव्हिड सेसिल आणि नेव्हिल कॉगिल साहित्याचे अध्यापक, जर्व्हस मॅथ्यू डोमिनिकन संन्यासी. म्हणजे हे निव्वळ प्राध्यापकांचे टोळके नव्हते. एकाच संप्रदायाचेही नव्हते. टोल्किन, हॅवर्ड, मॅथ्यू कॅथलिक होते, ल्युइस बंधू आणि विल्यम्स अँग्लिकन, आणि बारफील्ड रुडॉल्फ स्टायनरच्या तत्त्वज्ञानाचा अनुयायी.

मंगळवारी सकाळी सेंट जाइल्स रस्त्यावरच्या ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्येही ही मंडळी भेटत. पुढे पर्यटकांनी गर्दी केली ती या पबभोवती, पण तिथे वाचन होत नसे. तिथे बिअर आणि गप्पा. हस्तलिखिते गुरुवारी रात्री वाचली जात.

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात, तेव्हा ऐकणारे भक्तिभावाने ऐकतात आणि शंका असली तरी वाचणाऱ्याला मध्येच अडवत नाहीत. इंकलिंग्जमध्ये अडवण्यालाच किंमत होती. टोल्किनच्या कथेतल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांची बडबड फार होते, हे ल्युइसने त्याला स्पष्ट सांगितले आणि टोल्किनने ती कमी केली. डायसनला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ऐकवत नसे. शेवटी शेवटी तो असला की टोल्किन वाचन थांबवी. बाडातली पाने टोल्किन फार भरभर आणि पुटपुटत वाचायचा, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा धाकटा मुलगा ख्रिस्तोफर मंडळात आल्यावर वाचनाचे काम त्याच्याकडे गेले. वातावरण नेहमीच गंभीर नसे. अमांडा मॅकिट्रिक रॉस या आयरिश लेखिकेच्या अति-अलंकारिक कादंबऱ्या न हसता कोण जास्त वेळ वाचू शकतो, याची स्पर्धाही लागे.

चार्ल्स विल्यम्स मंडळात आला तो एका कादंबरीमुळे. १९३६ मध्ये ल्युइसने त्याची ‘द प्लेस ऑफ द लायन’ वाचली. सिंह, सर्प, फुलपाखरू ही मूळ रूपे इंग्लंडच्या एका साध्या गावात उतरतात आणि आपापल्या प्रतिमा स्वतःत ओढून घेऊ लागतात, अशी ती कथा. ल्युइसने भारावून लेखकाला पत्र लिहिले. योगायोग असा की विल्यम्स तेव्हा ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या लंडन कचेरीत काम करत होता आणि ल्युइसच्याच ‘द ॲलेगरी ऑफ लव्ह’ या ग्रंथाची मुद्रिते त्याच्या हातात होती. तोही ल्युइसला पत्र लिहिण्याच्या बेतात होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर प्रेसची लंडन कचेरी ऑक्सफर्डला हलली आणि विल्यम्स गुरुवारच्या बैठकीत रुजू झाला.

विल्यम्सच्या कादंबऱ्यांत अलौकिक गोष्टी अगदी रोजच्या जगात घडतात. ‘वॉर इन हेवन’मध्ये येशूच्या शेवटच्या भोजनातला पवित्र चषक एका खेड्यातल्या चर्चमध्ये सापडतो. ‘डिसेंट इन्टू हेल’मध्ये पॉलिन या तरुणीला स्वतःचीच प्रतिकृती समोरून येताना दिसण्याचे भय आहे, आणि पीटर स्टॅनहोप हा नाटककार तिचे ते भय, एखादे ओझे उचलावे तसे, स्वतःकडे घेतो. माणसे एकमेकांचे दुःख खरोखर वाहू शकतात, ही विल्यम्सची श्रद्धा होती आणि त्याच्या कथांचा कणाही तीच आहे. या कादंबऱ्या सोप्या नाहीत. गूढविद्येची त्यांतली दाट छाया टोल्किनला कधीच मानवली नाही. तरीही धर्मकल्पनेला कथेतल्या घटनेचे रूप देण्याचे विल्यम्सचे धाडस फार थोड्या लेखकांत दिसते. मे १९४५ मध्ये, युरोपातले युद्ध संपल्यावर आठवड्याभरातच, तो अचानक वारला. मंडळाने त्याच्या सन्मानासाठी योजलेला निबंधसंग्रह १९४७ मध्ये स्मृतिग्रंथ म्हणून निघाला.

ल्युइसची वाट अधिक उघड होती. १९३८ च्या ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’मध्ये रॅन्सम हा भाषाशास्त्रज्ञ मंगळावर जातो आणि त्याला कळते की विश्वात पृथ्वीच मुकी आहे, कारण तिचा अधिपती देवदूत बंडखोर निघाला. १९४३ च्या ‘पेरेलांड्रा’मध्ये शुक्रावर पहिल्या स्त्रीला मोहात पाडण्याचा प्रयत्न होतो, म्हणजे बायबलातल्या एदेन बागेची कथा पुन्हा मांडली जाते, पण निकाल बदलून. ‘द स्क्रूटेप लेटर्स’ या पुस्तकात एक अनुभवी सैतान आपल्या पुतण्याला माणसाला देवापासून दूर नेण्याचे धडे पत्रांतून देतो. हे पुस्तक ल्युइसने टोल्किनला अर्पण केले, आणि दुःखाच्या प्रश्नावरचा ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ हा ग्रंथ इंकलिंग्जना. त्या ग्रंथाला परिशिष्ट डॉक्टर हॅवर्डने लिहिले आहे.

टोल्किनला धर्म इतका वर दिसणे पसंत नव्हते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मुळात धार्मिक आणि कॅथलिक कृती आहे, असे त्याने १९५३ मध्ये एका मित्राला लिहिले, पण पुस्तकात चर्च नाही, प्रार्थनाविधी जवळजवळ नाहीत, देवाचे नावही नाही. सगळे कथेच्या घडणीत मुरवलेले आहे. दुष्ट शक्तीची मुद्रिका नष्ट करण्याचे काम अंगावर घेतलेला हॉबिट फ्रोडो आणि त्याचे सोबती रिव्हेंडेल या ठिकाणाहून निघतात २५ डिसेंबरला आणि मुद्रिका नष्ट होते २५ मार्चला, जो देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण आहे आणि जुन्या परंपरेने येशूला क्रुसावर दिल्याचा दिवसही. याहून महत्त्वाचा आहे तो कथेचा कळस. अखेरच्या क्षणी फ्रोडो हरतो, मुद्रिका टाकून द्यायला नकार देतो. काम पुरे होते ते मुद्रिकेच्या हव्यासाने पछाडलेल्या गॉलममुळे, ज्याला आधी फ्रोडोचा थोरला नातेवाईक बिल्बो याने आणि मग फ्रोडोने दयेपोटी जिवंत सोडले होते. माणसाचा निर्धार अपुरा पडतो आणि पूर्वी दाखवलेली दया उपयोगी येते. कृपेची ख्रिस्ती कल्पना एकही धार्मिक शब्द न वापरता इतकी नेमकी मांडणारी दुसरी कादंबरी सापडणे कठीण. मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादामुळे ती मराठीतही वाचता येते.

या दोन वाटांमधला तणाव ल्युइसच्या ‘नार्निया’ या मुलांसाठीच्या पुस्तकमालेच्या वेळी उघड झाला. १९४९ मध्ये ल्युइसने पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे टोल्किनला वाचून दाखवली. टोल्किनला ती आवडली नाहीत. रोमन वनदेव, बोलणारे प्राणी आणि फादर ख्रिसमस एकाच जंगलात बसवणे त्याला ढिसाळपणाचे वाटले. असलान सिंहाच्या मरणातला आणि पुन्हा उठण्यातला ख्रिस्त तर कोणाही वाचकाला दिसावा इतका स्पष्ट होता. टोल्किनचा आक्षेप लेखनकलेच्या दृष्टीने रास्त आहे. पण मुलांसाठी लिहिताना ल्युइसने निवडलेला स्पष्टपणा ही त्याची दुर्बळता नव्हती. लहानपणी चर्चमध्ये भक्ती कर्तव्य म्हणून करावी लागली की ती थिजून जाते, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता. तीच कथा अनोळखी प्रदेशात नेली तर ती पुन्हा जिवंत वाटेल, असे त्याला वाटत होते.

मंडळात स्त्रिया नव्हत्या. कॉलेजे स्त्री-पुरुषांची वेगळी होती आणि प्राध्यापकांची रात्रीची बैठक पुरुषांचीच असणार, हे तेव्हा कुणाला खटकत नसे. डोरोथी सेयर्स ही लेखिका ल्युइस आणि विल्यम्स दोघांचीही मैत्रीण होती. येशूच्या जीवनावरची तिची नभोनाट्यमाला ल्युइस दर वर्षी पवित्र सप्ताहात पुन्हा वाचत असे. गुरुवारी मात्र ती कधीच आली नाही. हे मंडळाचे नुकसानच म्हणायला हवे, कारण धर्म आणि कथा या विषयावर तिच्याइतके नेमके बोलणारे त्या खोलीतही थोडेच होते.

ऑक्टोबर १९४९ च्या अखेरीच्या एका गुरुवारी कुणीच आले नाही, अशी वॉर्नीच्या रोजनिशीत नोंद आहे. त्यानंतर वाचनाच्या बैठका थांबल्या. पबमधल्या भेटी ल्युइस केंब्रिजला प्राध्यापक म्हणून गेल्यावरही चालू होत्या आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये त्याच्या निधनाने संपल्या. या मित्रांनी एकमेकांचे लेखन खरोखर किती बदलले, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. हम्फ्री कार्पेंटर याने १९७८ च्या आपल्या पुस्तकात परस्परप्रभाव थोडाच मानला. डायना पाव्हलॅक ग्लायर यांनी २००७ मध्ये मसुदे, पत्रे आणि रोजनिशा तपासून उलट निष्कर्ष काढला. स्वतः टोल्किन म्हणे की ल्युइसने सतत मागे लागून, ऐकण्याची उत्सुकता दाखवली नसती, तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुरी झालीच नसती. त्या कादंबरीला त्याने एक उपसंहारही लिहिला होता. फ्रोडोचा सोबती सॅम आपल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, असा तो भाग. ज्यांनी ज्यांनी तो वाचला त्यांना तो रुचला नाही, म्हणून टोल्किनने तो गाळला. ख्रिस्तोफरने तो १९९२ मध्ये ‘सॉरॉन डिफीटेड’ या खंडात छापला. त्याच खंडात इंकलिंग्जच्या धर्तीवर कल्पिलेल्या एका क्लबाची टोल्किनची अपुरी राहिलेली कथाही आहे.